खाडीतलं शीड आणि हातातलं जीपीएस: ट्रॅक कसा घ्यायचा, कसा वाचायचा

अख्खा एक हंगाम मी अशा समजुतीत काढला की मला पोर्ट टॅक येत नाही. वारा उजवीकडून घेतला की जीपीएसच्या पडद्यावर साडेचार नॉट, डावीकडून, म्हणजे पोर्टवर, घेतला की साडेतीन (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल). दर रविवारी तेच. मी सुकाणू बदललं, बसायची जागा बदलली, डोलकाठीचा कल बदलला. भाची पुढे जिब, म्हणजे पुढचं छोटं शीड, सांभाळते. ती म्हणायची, "मामा, तू पोर्टवर झोपतोस." मलाही ते पटायला लागलं होतं.

खरं कारण होतं नेरुळच्या धक्क्यावरचा चिखल. ते कसं, हे पुढे येईल. हा लेख त्या फसगतीतून शिकलेल्या पद्धतीबद्दल आहे. हातात मावणारं साधं जीपीएस घेऊन शिडाच्या होडीचा ट्रॅक कसा नोंदवायचा, घरी येऊन तो कसा वाचायचा आणि त्यातून पुढच्या रविवारी नेमकं काय सुधारायचं. माझी होडी जुनी एंटरप्राइज आहे: चार मीटर लांब, दोन माणसांची, एक मोठं शीड आणि एक जिब. लेझर असो वा दुसरी कुठली डिंगी, म्हणजे छोटी उघडी होडी, पद्धत तीच.

ज्यांना शब्द नवे आहेत त्यांच्यासाठी: वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाता येत नाही, म्हणून साधारण ४५ अंश डावीकडे, मग ४५ अंश उजवीकडे असं नागमोडी चढावं लागतं. याला बीट म्हणतात. वारा उजव्या अंगावर असेल तर स्टारबोर्ड टॅक, डाव्या अंगावर असेल तर पोर्ट टॅक. आणि एकावरून दुसऱ्यावर वळणं म्हणजे टॅक मारणं.

कोणतं यंत्र घ्यायचं

नवं काही विकत घेण्याआधी घरात काय आहे ते बघा. गार्मिन ईट्रेक्ससारखं बटणांचं हँडहेल्ड सगळ्यात सोयीचं, कारण ओल्या बोटांनी बटण दाबता येतं आणि पेन्सिल सेलवर दिवसभर चालतं. जीपीएसचं मनगटी घड्याळही चालतं, पण मनगट शिडाची दोरी ओढताना पुढेमागे होत असतं आणि ते हेलकावे ट्रॅकमध्ये उतरतात. मोबाइल चालतो; 'जीपीएसलॉगर' किंवा 'ओसमँड' टाका, पाणी न शिरणाऱ्या पाउचमध्ये ठेवा, आणि अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये त्या ॲपसाठी बॅटरी वाचवण्याची सोय बंद करा. ती चालू राहिली तर पडदा मिटल्यावर फोन मधेच नोंदणी थांबवतो आणि घरी आल्यावर ट्रॅकमध्ये नेरुळपासून थेट बेलापूरपर्यंत एक सरळ रेघ सापडते.

एक इशारा. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाला "जीपीएस आण" असं मोघम सांगू नका. उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रं, उदाहरणार्थ गार्मिनची इनरीच मालिका, दिसायला हँडहेल्डसारखीच असतात. पण भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय ती बाळगणं गुन्हा आहे आणि विमानतळावर लोक त्यापायी अडकले आहेत. आपल्याला फक्त ऐकणारं यंत्र हवं, बोलणारं नाही.

अचूकतेबद्दल थोडं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. हे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. मे २००० मध्ये अमेरिकेने नागरी संकेतात मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली, तेव्हापासून उघड्या आकाशाखाली साधं यंत्रही ३ ते ५ मीटरच्या आत जागा सांगतं. म्हणजे चूक आपल्या होडीच्या लांबीएवढी. ऐकायला मोठी वाटते, पण ती चूक सेकंदासेकंदाला उड्या मारत नाही, हळूहळू सरकते. म्हणून लागोपाठच्या दोन बिंदूंमधलं अंतर जागेपेक्षा कितीतरी अचूक असतं, आणि आपल्याला तेच लागतं. पडद्यावर दिसणारा वेग तर यंत्र बहुधा संकेताच्या कंपनसंख्येतल्या बदलावरून काढतं. तो आणखी विश्वासाचा.

निघण्याआधीची सेटिंग

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: नोंदणी 'ऑटो'वर ठेवू नका. ऑटोमध्ये यंत्र आपल्या अकलेने बिंदू गाळतं. सरळ रेषेत कमी, वळणावर जास्त. डोंगर चढणाऱ्याला ते ठीक. आपल्याला टॅकमधला प्रत्येक सेकंद हवा. ट्रॅकच्या सेटिंगमध्ये पद्धत 'टाइम' आणि अंतर १ सेकंद. घड्याळात 'स्मार्ट'ऐवजी 'एव्हरी सेकंड'.

मग स्मृतीचा हिशेब करा. ईट्रेक्सच्या बऱ्याच मॉडेलमध्ये चालू ट्रॅकला १०,००० बिंदूंची मर्यादा असते. सेकंदाला एक म्हटलं तर २ तास ४६ मिनिटं. भरल्यावर आपोआप जुनं साठवून पुढे नोंदवायची सोय असेल तर ती चालू करा, नाहीतर शर्यतीचा शेवट सुरुवातीवर लिहिला जातो. फार जुन्या यंत्रांत आणखी एक खोच आहे: 'सेव्ह' दाबलं की ट्रॅक आटोपशीर करताना वेळेच्या नोंदीच पुसल्या जातात. वेळ गेली की वेग गेला, उरतं नुसतं चित्र. तशा यंत्रात सेव्ह न करता चालू ट्रॅकच संगणकावर उतरवा.

बाकी किरकोळ: वेग नॉटमध्ये, दिशा खऱ्या उत्तरेवर, नकाशा डेटम डब्ल्यूजीएस ८४, 'रस्त्याला चिकटव' असला पर्याय असेल तर बंद. मुंबईकडे चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक एका अंशापेक्षाही कमी आहे, त्यामुळे होकायंत्राशी ताडताना डोकं लावावं लागत नाही. हे सुख सगळ्या देशांत नाही.

धक्क्यावर पोचलात की यंत्र लगेच चालू करून आकाशाखाली ठेवा आणि मग शीड बांधायला घ्या. बरेच दिवस बंद असलेल्या यंत्राला उपग्रहांचं पूर्ण वेळापत्रक मिळायला साडेबारा मिनिटं लागतात. आणि निघताना जीपीएसच्या पडद्यावरच्या घड्याळाचा मोबाइलने फोटो काढा. नंतर कोणाचा व्हिडिओ, तुमची वही आणि ट्रॅक एका वेळेवर आणायला हा एक फोटो पुरतो.

यंत्र बांधायचं कुठे

लाइफ जॅकेटच्या छातीच्या खिशात ठेवण्याचा मोह होतो. ठेवू नका. हे संकेत १५७५ मेगाहर्ट्झच्या आसपासचे असतात आणि ओलं अंग ते चांगलंच अडवतं. शिवाय टॅक मारताना आपण स्वतःच होडीच्या एका कडेवरून दुसऱ्या कडेला जातो, म्हणजे ट्रॅकमध्ये दीड मीटरची खोटी उडी. होडीच्या मधोमध, आकाश दिसेल असं बांधा. माझं मागच्या आडव्या फळीवर असतं, वेल्क्रोच्या पट्टीत, तोंड वर. यंत्र होडीला अडकवणारी लॅनयार्डची दोरी वेगळी. 'आयपीएक्स ७' म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरतं, तरंगतं असा त्याचा अर्थ नाही. आमच्या खाडीत होडी उलटली की डोलकाठीचं टोक चिखलात रुततं आणि वर आलेल्या गढूळ पाण्यात स्वतःचा हातही दिसत नाही. तिथे बुडालेलं जीपीएस शोधायचा विचारही करू नका.

पडदा मात्र तोंडासमोर नको. आकडा दिसला की माणूस शीड बघायचं सोडून आकडा बघतो.

जागा आणि पाणी

आम्ही वाशीचा पूल आणि अटल सेतू यांच्या मधल्या पट्ट्यात, नेरुळच्या बाजूने फिरतो. होडीची नोंदणी आणि कुठे फिरायला मुभा आहे याची चौकशी आधी करून घ्या, कारण हा पट्टा मोकळा वाटतो तेवढा मोकळा नाही. वाशी आणि ऐरोली पुलांमधला भाग फ्लेमिंगो अभयारण्य आहे, तिकडे शिरायचं नाही. पलीकडचा तुर्भ्याचा (ट्रॉम्बेचा) किनारा भाभा अणुसंशोधन केंद्राचा, तिथून लांबच राहायचं. पीर पावच्या बाजूला टँकर. सारसोळे आणि दिवाळ्याच्या कोळ्यांची डोल जाळी ओहोटीला दिसतात, भरतीला दिसत नाहीत. ती कुठे आहेत हे विचारून घेऊन त्यांचे बिंदू जीपीएसमध्ये आधीच टाकून ठेवा. जीपीएसचा सगळ्यात सज्जन उपयोग हाच. आणि एवढी नाजूक जागा असल्यामुळे आपले ट्रॅक सगळ्या जगाला दिसतील असे चढवू नका.

आता पाणी. जीपीएस जमिनीवरचा वेग सांगतं. होडी चालते पाण्यात. आणि पाणी स्वतः चालत असतं. ज्या तळ्यात प्रवाह नाही तिथे हा भेद विसरला तरी चालतो. ठाण्याच्या खाडीत हा भेद विसरलात तर सगळं विश्लेषण भरती-ओहोटीचं होतं, तुमच्या शिडाचं नाही.

भरतीची वेळ काढायला कोळ्यांचा जुना हिशेब आहे: तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठ गुणिले पाऊण, सहा वाजता भरती. तृतीयेला सव्वादोन. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या सुमारास, आणि तेव्हा उधाण, म्हणजे प्रवाहही जोरात. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी सौम्य. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं. हा हिशेब ढोबळ आहे, आणि खाडीत जितकं आत जाल तितकी भरती बंदरापेक्षा उशिरा. नेमकी वेळ भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात मिळते. पण पाण्यावर असताना पाऊणपट हाताशी असते.

वेळ कळली, वेग कळला नाही. त्यासाठी नारळ.

सोललेला शेंडीचा नारळ बराचसा बुडून तरंगतो, त्यामुळे वारा त्याला फारसा ढकलत नाही, पाणी नेईल तिकडे जातो. नारळ नसेल तर जवळजवळ काठोकाठ भरलेली बाटली. नारळ पाण्यात सोडा, होडी त्याच्या अगदी जवळ नेऊन जीपीएसवर बिंदू मार्क करा. बरोबर तीन मिनिटांनी पुन्हा नारळाशी या, दुसरा बिंदू मार्क करा, नारळ उचला. दोन बिंदूंमधलं अंतर मीटरमध्ये घ्या, तीनने भागा, म्हणजे मिनिटाला किती मीटर ते आलं. त्याला ३१ ने भागा: नॉट. समजा तीन मिनिटांत ६५ मीटर नैऋत्येकडे गेला. मिनिटाला २१.७, म्हणजे ०.७ नॉट. हे दर अर्ध्या तासाने करा आणि खोल पाण्यात एकदा, कडेला एकदा असं करा, कारण कडेच्या उथळ पाण्यात प्रवाह मंद असतो. सारसोळ्याचे एक काका आम्हाला नारळाच्या मागे फिरताना बघून हसले होते. "आधी पानी बघ, मंग वारा," एवढंच म्हणाले. त्यांना ते नारळाशिवाय दिसतं.

दुसरी एक युक्ती नारळाविना होते. दुपारी खारा वारा वायव्येकडून स्थिरावला आणि ओहोटी नैऋत्येला चालली असेल, तर वारा कडेवर घेऊन एकदा प्रवाहाबरोबर जा, एकदा प्रवाहाविरुद्ध, दोन-दोन मिनिटं. जाताना ५.४ नॉट, येताना ४.०. बेरजेचं निम्मं ४.७ हा होडीचा पाण्यातला वेग, फरकाचं निम्मं ०.७ हा प्रवाह. शीड दोन्ही वेळा सारखं लावायला हवं, तेवढीच अट.

माझा पोर्ट टॅक

आता ती फसगत. वारा वायव्येकडून, ३१५ अंशांवरून. होडी पाण्यात दोन्ही टॅकवर अगदी सारखी, ४ नॉटने चालते असं धरा. स्टारबोर्ड टॅकवर तोंड पश्चिमेला, पोर्ट टॅकवर उत्तरेला. आणि ०.७ नॉटची ओहोटी नैऋत्येला. ती नैऋत्येची ओढ म्हणजे अर्धा नॉट पश्चिमेला आणि अर्धा नॉट दक्षिणेला.

पश्चिमेला जाणाऱ्या होडीला त्यातला पश्चिमेचा अर्धा नॉट फुकट मिळतो. जीपीएस दाखवतं ४.५. उत्तरेला जाणाऱ्या होडीतून दक्षिणेचा अर्धा नॉट वजा होतो. जीपीएस दाखवतं ३.५. पूर्ण एका नॉटचा फरक, आणि खलाशाचा त्यात कणभर दोष नाही.

पुढची गंमत अशी की याच दोन टॅकवर वाऱ्याच्या दिशेने प्रत्यक्ष किती चढलो, म्हणजे ज्याला व्हीएमजी म्हणतात तो वेग, काढला तर दोन्हीकडे २.८३ नॉट येतो. कारण हा प्रवाह वाऱ्याला काटकोनात आहे. तो होडीला बाजूला नेतो, वर-खाली नेत नाही. पडद्यावरच्या वेगाने मला वर्षभर शिव्या दिल्या आणि व्हीएमजी एकदाही विचारला नव्हता.

हे कळलं कसं? आमच्या धक्क्याला ओहोटीला चिखल असतो, म्हणून आम्ही नेहमी भरती भरली की होडी उतरवायचो. म्हणजे आमची सगळी नौकायनं ओहोटीत, सगळे ट्रॅक ओहोटीचे. एका रविवारी, तृतीया होती, पाणी पूर्ण भरायची वाट न बघता एक वाजताच निघालो. रात्री भाचीने लॅपटॉपवर वेगाचा आलेख काढला आणि म्हणाली, "मामा, अडीचपर्यंत तू पोर्टवर भारी होतास. मग बिघडलास." पाऊणपट सव्वादोन, वर आत यायला थोडा उशीर. पाणी फिरलं तेव्हाच माझं कौशल्य फिरलं होतं.

यातून शर्यतीचाही एक धडा निघतो. वर सांगितलेल्या आकड्यांत बोया (शर्यतीत गाठायची तरंगती खूण) सरळ वाऱ्याच्या तोंडावर असेल, तर ओहोटी तुम्हाला सतत डावीकडे ढकलत राहणार. तिथे पोचायला वेळेचा जवळजवळ ६२ टक्के भाग पोर्टवर आणि ३८ टक्केच स्टारबोर्डवर घालवावा लागतो. अर्धा-अर्धा धरून स्टारबोर्डवर रेंगाळणारा बोयाच्या बराच डावीकडे जाऊन निघतो आणि मग संथ वाटणाऱ्या टॅकवर परत येतो.

पाण्यावर काय करायचं

नुसतं फिरून आलेला ट्रॅक वाचायला अवघड. त्यापेक्षा तासाभराचा ठरलेला कार्यक्रम करा. आधी नारळ. मग दोन्ही टॅकवर तीन-तीन मिनिटं सरळ, काही न बदलता. मग दर ४० सेकंदांनी एक असे दहा टॅक. मग थोडं वाऱ्याबरोबर खाली. मग होडी वाऱ्यात थांबवून, शीड फडफडत ठेवून, एकदम ओढून पूर्ण वेग यायला किती सेकंद लागतात ते चार-पाच वेळा. शेवटी पुन्हा नारळ.

प्रत्येक टप्प्याला वेळ आणि वारा बोलून मोबाइलवर रेकॉर्ड करा. लिहिण्यापेक्षा बोलणं सोपं. "दोन वाजून दहा, पांढरे घोडे नाहीत, दोघे कडेवर बसलो, जिब तिसऱ्या भोकात." एवढं पुरे. (पांढरे घोडे म्हणजे लाटांवरचा फेस.) हे बोलणं नसेल तर आठवडाभराने ट्रॅक म्हणजे नुसती शेवयांची गुंतवळ.

घरी आल्यावर

फाइल जीपीएक्स स्वरूपात काढा. घड्याळाची फाइल वेगळ्या स्वरूपात असेल तर 'जीपीएसबाबेल' ती बदलून देतं. पहिली नजर गूगल अर्थवर किंवा 'जीपीएक्ससी'मध्ये. इथे फक्त एवढंच बघा: कुठे उडी आहे का, कुठे नोंदणी तुटली का, पुलाखाली ट्रॅक वेडावाकडा झाला का. तेवढे तुकडे कापा.

जीपीएक्समधली वेळ जागतिक असते. त्यात साडेपाच तास मिळवा; फाइलमधले ०८:३० म्हणजे आपले दुपारचे दोन. हे विसरून मी एकदा सकाळच्या मतलई वाऱ्याच्या नोंदी दुपारच्या ट्रॅकला लावून बसलो होतो.

मग तक्ता. एक्सेल किंवा लिबरऑफिसमध्ये वेळ, अक्षांश, रेखांश असे तीन रकाने आणा. आपल्या अक्षांशावर अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १,१०,७०० मीटर, आणि रेखांशाचा एक अंश सुमारे १,०५,३०० मीटर. पाच सेकंदांपूर्वीच्या बिंदूपासूनचा फरक घ्या, या आकड्यांनी गुणा, पाचने भागा: उत्तरेचा वेग आणि पूर्वेचा वेग, मीटर प्रतिसेकंद. एका सेकंदाचा फरक घेऊ नका. बऱ्याच जीपीएक्स फाइलींमध्ये यंत्राने मोजलेला वेग नसतोच, तो जागेवरून काढावा लागतो, आणि एका सेकंदात होडी जेमतेम दोन मीटर जाते. त्यात अर्ध्या मीटरचा थरथराटही खूप झाला.

आता प्रवाह वजा करा. ०.७ नॉट म्हणजे ०.३६ मीटर प्रतिसेकंद. नैऋत्येचा असेल तर पूर्व आणि उत्तर या दोन्ही रकान्यांत ०.२५५ मिळवा. उरलं ते होडीचं पाण्यातलं चालणं. या दुरुस्त आकड्यांवरून दोन्ही टॅकच्या सरळ तुकड्यांची दिशा काढा. त्या दोन दिशांचा मध्य म्हणजे वाऱ्याची दिशा. होडी जी थोडी आडवी घसरते ती दोन्हीकडे सारखी असल्यामुळे मध्यात कापली जाते. वारा कळला की व्हीएमजी: उत्तरेचा वेग गुणिले वाऱ्याच्या दिशेचा कोसाइन, अधिक पूर्वेचा वेग गुणिले साइन. सूत्र एकदा बसवलं की पुढच्या रविवारी फक्त नवे आकडे चिकटवायचे.

वाऱ्याची दिशा दर वीस मिनिटांनी नव्याने काढा. आपल्याकडे खारा वारा बऱ्याच दुपारी पश्चिमेकडून सुरू होऊन हळूहळू वायव्येकडे सरकतो. तुमच्या ट्रॅकमध्ये तो सरकताना दिसला तर शर्यतीत बीटला उजवी बाजू धरायची सवय का फळते ते डोळ्यांनी दिसेल.

टॅकमध्ये काय हरवतं

मला विचाराल तर सगळ्या विश्लेषणात हा भाग सोन्याचा आहे, आणि लोक नेमका हाच सोडून 'आज टॉप स्पीड किती' बघतात. टॉप स्पीड बहुतेक वेळा एखादी लाट, एखादी झुळूक किंवा यंत्राची उचकी असते.

प्रत्येक टॅकसाठी असं करा. वळण सुरू व्हायच्या आधीच्या दहा सेकंदांचा सरासरी व्हीएमजी घ्या. समजा २.८३ नॉट, म्हणजे सेकंदाला १.४६ मीटर. न वळता त्याच वेगाने गेलो असतो तर वळण सुरू झाल्यापासूनच्या वीस सेकंदांत २९ मीटर चढलो असतो. प्रत्यक्षात किती चढलो ते तक्त्यातून बघा. २० असेल तर एका टॅकमध्ये ९ मीटर गेले, होडीच्या दोन लांब्यांहून जास्त. एका टॅकच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका; दहांची सरासरी घ्या, म्हणूनच दहा मारायला सांगितले.

एका बीटमध्ये सहा टॅक धरले तर ५४ मीटर. तो ९ चा आकडा ५ वर आणला तर प्रत्येक बीटला २४ मीटर, म्हणजे १६ सेकंदांहून थोडे जास्त वाचतात. ८०० मीटरच्या बीटवर एवढेच सेकंद नुसत्या वेगाने मिळवायचे तर होडी कायम ०.१ नॉटहून जास्त वेगवान करावी लागेल. त्यासाठी लोक नवीन शीड घेतात.

आकड्यापेक्षा आलेखाचा आकार जास्त बोलतो. वेग ४ वरून एकदम दीडच्या खाली पडत असेल तर सुकाणू फार जोरात ढकललं. ते होडी वळवण्याऐवजी ब्रेक लावतं. खड्डा उथळ आहे पण वेग परत यायला पंधरा-वीस सेकंद लागतात, असं असेल तर वळून झाल्यावर शीड फार लवकर घट्ट ओढलंय किंवा होडी वाऱ्याला फार चिकटवलीय. जरा खाली सोडून वेग घ्या, मग चढा. आणि दिशेच्या रकान्यात वळण ९० ऐवजी ११० अंशांपर्यंत जाऊन परत येताना दिसलं तर तुम्ही जास्त वळताय.

आमचा तिसरा प्रकार होता. मी भाचीला म्हटलं, जिब तू उशिरा सोडतेस, म्हणून नाळ (होडीचं पुढचं टोक) ओढली जाते. तिने आवाजाचं रेकॉर्डिंग लावलं. त्यात जिब सुटल्याचा फडफडाट आधी होता आणि माझं "टॅक!" नंतर.

बाकी दोन गोष्टी

वाऱ्याबरोबर खाली येताना सरळ यावं की थोडं तिरकं, याचं उत्तरही व्हीएमजीच देतो. सरळ खाली ३.९ नॉट मिळत असतील आणि ३० अंश तिरकं जाऊन ४.५, तर ४.५ चे खाली उतरणारे ३.९ च. हलक्या वाऱ्यात तिरकं फळतं, मध्यम वाऱ्यात एंटरप्राइजसारखी होडी सरळ आणली तरी चालते. तुमच्या होडीचं गणित तुमच्या ट्रॅकमधून काढा.

स्टार्टसाठी हँडहेल्ड जीपीएसकडून फार अपेक्षा नको. ३ ते ५ मीटरच्या चुकीत तुम्ही रेषेच्या अलीकडे होता की पलीकडे हे कळत नाही. पण उभ्या होडीला पूर्ण वेग यायला तुम्हाला १२ सेकंद लागतात की २०, हे पक्कं कळतं, आणि शिट्टीच्या किती आधी शीड ओढायचं याचा निर्णय त्यावरच होतो.

एका वेळी एकच बदला

जिबची कडी (तिची दोरी जिच्यातून जाते ती), डोलकाठीचा कल, बसण्याची जागा, सेंटरबोर्ड (होडीखाली पाण्यात जाणारी फळी) किती खाली: दर रविवारी यातली एकच गोष्ट बदला आणि बाकीच्या तशाच ठेवा. वहीत तारीख, तिथी, वारा अंदाजे किती, प्रवाह किती, बदललं काय, दोन्ही टॅकचा व्हीएमजी, टॅकचं सरासरी नुकसान. सात रकाने. सहा-सात रविवारांनंतर ही वही कुठल्याही ॲपपेक्षा जास्त सांगते, कारण ती तुमच्या होडीची, तुमच्या वजनाची आणि तुमच्या खाडीची असते.

आमच्या वहीत प्रवाह वजा केल्यावरही एक फरक उरला. स्टारबोर्डवर २.८, पोर्टवर २.७. भरतीत तेच, ओहोटीत तेच, उधाणाला आणि भांगालाही तेच. म्हणजे यावेळी पाणी निर्दोष होतं. पोर्ट टॅकवर जिब उजव्या बाजूच्या कडीतून ओढली जाते. टेप घेऊन दोन्ही कड्या मोजल्या. उजवी कडी एक भोक मागे लावलेली होती, बहुधा आम्ही होडी घेतली तेव्हापासूनच.